निमसरकर बाईंकडचे चार दिवस

“तांडेल मॅडम, एक विचारतो, रागावू नका,” हरकरे म्हणाले. “ही गोष्ट नक्की तुमचीच ना?”

एप्रिल महिना होता. नागपूरच्या त्या छोट्या प्रकाशन संस्थेच्या पुढच्या खोलीत कूलर घरघरत होता, तरी माझ्या पाठीवरून घाम ओघळत होता. मला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

“माझीच. दुसऱ्या कुणाची असणार?”

“तेच समजत नाहीये.” हरकरे तिथले संपादक. साठीचे, सावकाश बोलणारे गृहस्थ. त्यांनी माझे टाइप केलेले एकशे बासष्ट कागद टेबलावर ठेवले आणि त्यांच्या शेजारी तीन लांब वह्या. “कुमारांसाठीच्या कादंबरीची स्पर्धा आम्ही पहिल्यांदाच ठेवली. एकेचाळीस हस्तलिखितं आली. त्यातली दोन सारखी निघाली. कोळशाच्या खाणीची वसाहत, शाळेत ग्रंथालय सांभाळणाऱ्या बाई, त्यांच्या क्वार्टरमध्ये लपवलेली पंधरा वर्षांची मुलगी. घरचे तिचं लग्न लावायला निघालेत, म्हणून लपवलेली. मागच्या दारावर स्टीलच्या पेल्याने तीनदा वाजवायचं, ही खूणसुद्धा दोन्हीकडे आहे.”

मी वहीकडे हात नेला. त्यांनी अडवलं नाही. निळ्या शाईतलं, गोल, शाळकरी वळणाचं अक्षर होतं. वर नाव होतं: मृणालिनी देवतळे, वरोरा. हे नाव मी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

“तुम्ही नक्कल केली असं मी म्हणत नाही,” हरकरे म्हणाले. “उलट तुमचा परिचय वाचून मी घरी बायकोला सांगितलं, कादंबरीपेक्षा ही बाईच वाचण्यासारखी आहे.”

तो परिचय मी तीन वेळा लिहून तीन वेळा फाडला होता. वडील हर्णैचे, कोळ्यांच्या घरातले. समुद्र सोडून वणीजवळच्या खाणीत इलेक्ट्रिशियन झाले. आई मंचेरियलची, तेलुगू. मी वसाहतीत वाढले. पुढे दातांच्या दवाखान्यात मदतनीस, मग नाशकात मुलींना पोहायला शिकवणारी, मग आकाशवाणीवर हंगामी निवेदक, मग जिल्हा परिषदेच्या शाळेत कंत्राटी शिक्षिका. तेहेतीस वर्षांत एक काम धड चार वर्षं टिकलेलं नव्हतं. या कादंबरीवर मात्र मी सहा वर्षं टिकून होते. आपण लेखिका होणार की आणखी एक सोडलेलं काम आपल्या नावावर लागणार, ते या कागदांवर ठरायचं होतं.

हरकऱ्यांनी चहा मागवला आणि मला तिथेच बसून वाचू दिलं. पहिली वीसेक पानं वाचली आणि चहावर साय धरली. ही गोष्ट लपलेली मुलगी स्वतः सांगत होती. पेटीकोटच्या कापडात गुंडाळून आणलेली पुस्तकं. फळीवर ओळीने ठेवलेले कच्चे पेरू. आठवीतल्या दोन मुली बाईंचे निरोप घेऊन येतात, एक बडबडी, एक घुमी. बडबडी म्हणजे मी. घुमी म्हणजे इंदू आत्राम, माझी त्या वेळची एकुलती एक मैत्रीण.

बाईंशिवाय हे फक्त आम्हा दोघींना माहीत होतं. मी लिहिलं नसेल तर इंदूनेच लिहिलं असणार. पण नाव खोटं का घेतलं? आणि लपलेल्या मुलीच्या तोंडून का?

“पत्ता देता येईल?” मी विचारलं.

“असा देता येत नाही. थांबा.” ते आतल्या खोलीत फोन करायला गेले आणि बऱ्याच वेळाने परतले. “बाई म्हणाल्या, पाठवून द्या. त्यांनाही समजून घ्यायचंय.”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने मी वरोऱ्याला निघाले. माझे एकशे बासष्ट कागद पिशवीत घेतले होते. वाटेत मी भांडणाची तयारी करत होते. कारण माझ्या कादंबरीत शेवटी ज्या मैत्रिणीने घात केला, ती इंदूच होती. नाव बदललं होतं, पण इंदूने एक पान वाचलं असतं तरी ओळखलं असतं.

त्यात माझी चूक काय होती? मी डोळ्यांनी पाहिलं होतं. चौथ्या दिवशी सकाळी मी पाण्याच्या टाकीजवळ होते. संध्याच्या काकांची जीप निमसरकर बाईंच्या क्वार्टरसमोर उभी राहिली. संध्या म्हणजे ती लपलेली मुलगी. चार माणसं उतरली, आणि दार उघडलं तेव्हा दारात इंदू उभी होती, त्यांच्याशी बोलत. मी घाबरून घरी पळाले. दुपारपर्यंत वसाहतभर झालं की पोरीला घेऊन गेले. आठवडाभरात लग्न लागलं. मुलगी पळवली म्हणून बाईंची नोकरी गेली. इंदू हाताला प्लास्टर घालून शाळेत आली, माझ्याशी एक शब्द बोलली नाही आणि वार्षिक परीक्षेनंतर शाळाच सोडून गेली. जी बोलत नाही तिच्या मनात पाप, असं मी तेराव्या वर्षी ठरवलं आणि पुढची वीस वर्षं त्यात बदल केला नाही.

देवतळ्यांचं घर कापसाच्या जिनिंग मिलच्या मागच्या गल्लीत होतं. दार उघडलं ते जाडसर, चष्मा लावलेल्या एका बाईने. हातावर कणीक होती.

“इंदू आहे का?” मी विचारलं.

“कोण इंदू?”

“इंदू आत्राम. म्हणजे... मृणालिनी देवतळे.”

“मृणालिनी मीच. इथं इंदू कोणी नाही.” ती माझ्याकडे बघत राहिली. मग चष्मा वर सरकवून जवळ आली. “थांब, थांब. तू तांडेल मिस्त्रींची पोरगी ना? टाकीजवळच्या क्वार्टरमधली?”

“हो. पण तुम्ही...”

“मले ओळखलं नाही?” ती हसली. “संध्या बोबडे. लग्नात नाव बदललं. तांदळाच्या ताटात काडीनं लिहिलं, मृणालिनी. मले तेव्हा लिहितासुद्धा येत नव्हतं ते नीट.”

मी उंबऱ्यावरच उभी राहिले. माझ्या कादंबरीतली मुलगी पांढऱ्या फ्रॉकमध्ये खिडकीशी बसायची. ती कधी मोठी झाली नव्हती. आणि इथे पस्तिशीची बाई मला आत ये म्हणत होती, पोळ्या लाटायच्या राहिल्यात म्हणत होती.

तिने मला स्वयंपाकघरातच बसवलं. नवरा जिनिंगवर गेला होता, मुलगी शिकवणीला.

“माणूस वाईट नाही,” ती लाटता लाटता म्हणाली. “मी बाहेरून बारावी केली, बीए केलं, अडवलं नाही त्यानं. पण तेव्हा मले कोणी विचारलं नव्हतं ना. पोरगी यंदा पंधराची झाली. तिले सांगायचं होतं, आणि तोंडानं सांगता येईना. म्हणून वह्या भरल्या. तिनंच त्या पाठवल्या नागपूरले, मले न विचारता.”

“मला वाटलं इंदूने लिहिलं.”

“इंदू लिहिणार?” ती पुन्हा हसली. “ती बोलत नव्हती, लिहिते कुठली. तू काय लिहिलं, दाखव ना.”

मी पिशवी जवळ ओढली. “नंतर बघा.”

“आता बघू दे की. माझं तू बघितलं.”

तिने हात धुतले, कागद घेतले आणि थेट शेवटाकडे गेली. काही वाचकांना ती सवय असते. मी तव्यावरची पोळी उलटली. ती जळाली होती.

वाचून झाल्यावर तिने एक पान बोटाने दाबून धरलं. मग म्हणाली, “हे कोणी सांगितलं तुले?”

“काय?”

“घुमीनं काकांना सांगितलं, असं लिहिलं आहेस तू. दार उघडून दिलं, असं.”

“मी पाहिलं. ती दारात उभी होती.”

“दारात उभी होती ते आडवी उभी होती, बाई. अडवायले.” तिचा आवाज चढला. “ती सकाळीच पुस्तक घेऊन आली होती. जीप वाजली तसं बाईनं मले मागल्या खोलीत ढकललं, आणि ही पोरगी दाराले हात लावून उभी. आठवीतली पोरगी! म्हणे, बाई घरी नाहीत. काकानं दार लोटलं, हिचा हात चौकटीत. मी आवाज ऐकला हाडाचा. तुले प्लास्टर नाही दिसलं?”

“दिसलं.”

“मग?”

प्लास्टर माझ्या कादंबरीतही होतं. मी लिहिलं होतं की ती झाडावरून पडली. हे मला कुणी सांगितलं होतं, की मीच ठरवलं होतं? मी आठवू लागले आणि काहीच हाताला लागेना. जी सकाळ मी सहा वर्षं लिहीत होते, त्या सकाळीत आता दार होतं, जीप होती, पण माणसं जागेवर राहत नव्हती.

“मग काकांना कळलं कसं?” मी विचारलं.

“ते माझ्या वहीत आहे. तिसऱ्या. तू तिथवर वाचलं नाहीस.” ती खाली बसली. “माझ्यामुळे. तिसऱ्या दिवशी दुपारी रस्त्यावर बर्फाच्या गोळ्याची घंटी वाजली. तीन दिवस अंधारात होती मी. बाई शाळेत गेल्या होत्या. मी पुढची खिडकी उघडली, एवढीशी. कोणीतरी बघितलं असंल. बाईंनी हजार वेळा सांगितलं होतं, खिडकी उघडू नको. अजून एक दिवस काढला असता तर वर्ध्याच्या वसतिगृहात जागा मिळत होती. पत्र आलं होतं.” तिने पदराने चष्मा पुसला. “वीस वर्षं झाली, त्या खिडकीले शिव्या देते मी. पोरीले हेच सांगायचं होतं. दुसऱ्याले दोष देऊ नये.”

“पण कुणी पाहिलं, ते माहीत नाही?”

“नाही. घरात कोण आहे ते तीनच जणींले माहीत होतं. बाई, इंदू आणि तू. बाई सांगणार नाहीत. इंदूचा हात मोडला. आणि तुम्ही दोघींनी तर देवाची शपथ घेतली होती माझ्यासमोर, कोणाले सांगणार नाही म्हणून.”

“मी कुणालाच सांगितलं नाही,” मी म्हणाले.

हे मी अगदी खरं समजून म्हणाले. पण म्हटल्यावर वाटलं, आईला विचारून बघावं. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली. मी म्हटलं, “एक फोन करून येते.”

बाबा गेल्यावर आई मंचेरियलला तिच्या भावाकडे राहायला गेली होती. आमचं बोलणं तेलुगूतच व्हायचं. वसाहतीत एवढी वर्षं काढूनही तिचं मराठी मोडकंच राहिलं. क्वार्टरमधल्या बायका तिच्या क्रियापदांना हसायच्या, म्हणून ती बाहेर फारसं बोलत नसे. मी अंगणातल्या कडुनिंबाखाली उभी राहून तिला विचारलं, “अम्मा, निमसरकर टीचर आठवतात? त्यांच्याकडे एक मुलगी लपली होती, ते लोकांना कसं कळलं, तुला काही माहीत आहे?”

“आता कशाला ते?” आई म्हणाली.

“सांग ना.”

“मीच बोलले होते महिला मंडळात. हळदीकुंकू होतं. मला काय ठाऊक त्यात त्या पोरीची काकू बसली आहे. कधी नव्हे ते सगळ्या जणी माझं ऐकत होत्या. मी मराठीत अख्खी गोष्ट सांगितली, एकही बाई हसली नाही. पुढे काय झालं ते कळल्यावर मी दोन दिवस जेवले नाही. तुझ्या बाबांना माहीत होतं.”

“पण तुला कुणी सांगितलं?”

“नुव्वे चेप्पावु,” आई म्हणाली. तूच सांगितलंस. “मी तुझी वेणी घालत होते. विसरलीस?”

मी विसरले नव्हते. तिने म्हणताक्षणी ती सकाळ समोर आली. खोबरेल तेलाचा वास, केसांना बसणारे हिसके, आणि मी पाटावर बसून बडबडतेय. आईला सांगणं म्हणजे कुणाला तरी सांगणं, हे तेव्हा माझ्या ध्यानीमनी नव्हतं. शपथ मराठीत घेतली होती. घरातली भाषा उंबऱ्याबाहेर कुणाला कळत नव्हती. ती कुठे जाणार? म्हणून तर वीस वर्षांत मला ते एकदाही आठवलं नव्हतं. मी सगळं मराठीत आठवत होते.

फोन बंद करून मी उभी राहिले. आत जायचं आणि काही कळलं नाही म्हणायचं, एवढं सोपं होतं. मृणालिनीबाईंनी विश्वास ठेवला असता. तिच्या वहीत ती बडबडी मुलगी फार गोड होती, तिच्या मुलीला ती आवडली असणार. खिडकी वीस वर्षं दोष सोसत होती, आणखी वीस सोसली असती. मला खरंच समजत नव्हतं की बोललं तर कुणाचं भलं होणार आहे. मी तशीच आत गेले.

“मीच सांगितलं होतं,” मी म्हणाले. “आईला. आईने महिला मंडळात. तिथे तुमच्या काकू होत्या.”

तिने लाटणं खाली ठेवलं. “कधी?”

“दुसऱ्या दिवशी असेल, नाहीतर तिसऱ्या. सकाळी.”

“घंटीच्या आधी?”

“शाळेला जायच्या आधी. हो.”

“म्हणजे खिडकी नव्हती,” ती म्हणाली. परत म्हणाली, “खिडकी नव्हतीच.” मग ती रडू लागली, आणि रडता रडता माझ्या दंडावर एक जोराचा तडाखा मारला. पिठाची पाच बोटं उठली. “काहून सांगितलं गं? काय म्हणाली तू, नेमकं काय म्हणाली?”

“टीचरच्या घरात एक ताई लपली आहे, एवढंच.”

“तसं नाही. जसं म्हणाली तसं म्हण.”

मी म्हणाले, “टीचर इंट्लो ओक अक्का दाक्कुंदि.”

ती ऐकत राहिली. तिला त्यातलं टीचर आणि अक्का एवढंच कळलं असेल. “किती लहानसं वाक्य आहे,” ती म्हणाली. मग उठली, डोळ्यांना पाणी लावलं आणि मला म्हणाली, “आता तू जा. राग आला म्हणून नाही. पोरगी यायची वेळ झाली. तिले काय सांगायचं ते मले आधी ठरवू दे.”

मी जाताना माझे कागद तिथे ठेवले नाहीत, आणि स्पर्धेतही ठेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी हरकऱ्यांना फोन करून माझं हस्तलिखित मागे घेतलं. ते म्हणाले, “मग गोष्ट कुणाची होती?” मी म्हटलं, “त्यांची. माझी अजून लिहायची आहे.” मृणालिनीबाईंचं पुस्तक पुढच्या वर्षी आलं. खिडकीचं प्रकरण त्यांनी काढलं नाही, त्यापुढे एक नवं लिहिलं. माझं पहिलं पुस्तक यायला अजून चार वर्षं लागली.

पण या दोन्हींच्या आधी, त्याच महिन्यात, मी इंदूला शोधून काढलं. ती वनरक्षक झाली होती. राजुऱ्याच्या पुढे जंगलातल्या तपासणी नाक्यावर तिची नेमणूक होती. मी पोचले तेव्हा दुपार होती. खाकी साडीतली एक उंच बाई बांबूचा ट्रक तपासून पावतीवर सही करत होती. तिने मला पाहिलं, ओळखलं, आणि आधी ट्रक सोडला.

मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. आईचं, वेणीचं, टाकीजवळून पळाल्याचं. सहा वर्षं मी तिच्यावर काय लिहीत होते तेही सांगितलं. तिने पावतीपुस्तक मिटलं. माझं झाल्यावर म्हणाली, “मले माहीत होतं.”

“कधीपासून?”

“त्याच दिवशी. हात धरून बसली होती मी, आणि संध्याची काकू म्हणाली, त्या तेलगीणबाईनं सांगितलं म्हणून बरं. मी म्हटलं, आता तू येशील सांगायले.”

“इंदू, मला माफ...”

“थांब.” तिने हात वर केला, ट्रकला करायची तसाच. “निमसरकर बाईंले सांगितलंस?”

“बाई आहेत?”

“आहेत की. राळेगावले राहतात, भाचीकडे. कानानं कमी झालं. मी दिवाळीले जात असते. अजून विचारतात, पोरीचं कोणी सांगितलं म्हणून. मी काही बोलत नाही.”

“तू माझं नाव घेतलं नाहीस?”

“ते काय मी सांगायचं आहे?” इंदू म्हणाली. “माझा हात जुळला. त्यांची नोकरी परत नाही आली. आधी तिकडं जाऊन ये, मग माझ्याकडं ये. मग बोलू.”

तेवढ्यात दुसरा ट्रक आला. ती नाक्याकडे वळली, आणि दोन पावलं जाऊन पुन्हा थांबली.

“मोठ्यानं सांगशील,” ती म्हणाली. “हळू बोललेलं त्यांले ऐकू येत नाही.”